दाराचा शॉट

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
खाली अजून पंपांचं गोदाम,
वर आमचं अंतराळ.
एसी अठरावर, यंत्रांना उकडू नये म्हणून;
आम्ही शाली पांघरून ग्रह फिरवतो.

माझ्या वाट्याला दाराचा शॉट आलाय.
एकशे चौऱ्याऐंशी फ्रेम्स:
काळोख मधोमध फाटतो, उजेड सांडतो,
आणि यान चालवणारी बाई
त्यात वर वर जाते.
जाते ती दोन तारांवर.
तारा पुसायच्या मी.
पुसून झाल्यावर जे उरतं
त्याला चमत्कार म्हणायचं.

समुद्रापलीकडून शेरा येतो: प्रकाश अजून पवित्र हवा.
दुसऱ्या दिवशी: थोडा कमी पवित्र.
तुळशीदास विचारतो, म्हणजे किती टक्के गं, पेणकर?
मला काय विचारतोस, बाबा.
आमच्याकडे देवाचं चित्रच काढत नाहीत.
सिव्हिल हॉस्पिटलजवळ आमचं सिनेगॉग,
जुनी माणसं त्याला मशीदच म्हणायची,
नाव हिब्रूत, अर्थ स्वर्गाचं दार.
त्या दाराला ऑइलपेंट आहे.
पावसाळाभर ते फुगतं,
खांद्याने ढकलावं लागतं.

ढग संगणकात जमत नाहीत.
म्हणजे जमतात, पण फार शहाणे दिसतात.
म्हणून रविवारी कोपरीच्या घरी
रिकाम्या फिशटँकमध्ये मिठाचं पाणी भरलं,
वरून थेंब थेंब नारळाचं दूध.
आई ओरडली, हलव्याचं दूध ना ते!
मग तीही गुडघ्यांवर हात टेकून
वाकून बघत राहिली
तेजोमेघ कसा उलगडतो,
आणि पुटपुटली,
एलियाहू असाच गेला असेल.

अग्नीच्या रथातून, सदेह.
त्याच्या नावाने आम्ही मलिदा मांडतो,
गोड पोहे, खोबरं, फळं, गुलाबाची पाकळी.
कुठल्या इंधनावर गेला
कोणी विचारत नाही.

गुरुवारी संगीत आलं.
आधीचं तात्पुरतं होतं: शंभर गळे,
शब्द नसलेली प्रार्थना, मीटरने मोजून घेतलेली.
हे नवं.
हेडफोन घातला, काळोख फाटायला लागला
आणि शिंग वाजलं.
तीन सप्तकं खाली ओढलेलं,
कानाआधी बरगड्यांत पोचणारं,
पण शिंगच. मेंढ्याचं.

हन्नोक काका शोफार फुंकायचा.
दात पडल्यावर डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायची:
आधी फुस्स, मग नाद.
आम्ही पोरं माना खाली घालून हसायचो.
एलूल महिन्यात गच्चीवर सराव,
खालचे रिक्षावाले वर बघायचे.
सणाला यंत्राला हात लावायचा नाही,
सरावाला कोणाला सुचलं नाही.
म्हणून तो आवाज
कुठल्याच फोनमध्ये नाही.

या फाइलीत फुस्स नव्हती.
साफ केली असणार.
तिकडेही कोणी बसलं असेल
शाल पांघरून,
श्वास पुसत.

अकरा वेळा ऐकलं.
बाराव्यांदा तुळशीदास म्हणाला, पेणकर, डिलिव्हरी.

मी एक तार ठेवली.
सगळी नाही. सत्तावन्नाव्या फ्रेमवर,
बाईच्या डाव्या खांद्यापाशी,
केसाएवढी.
डोळा लवायच्या आत निघून जाईल अशी.

दोन तासांत परत आली, लाल वर्तुळात:
तार दिसते आहे.

पुसली.
आता दार कुठेच अडकत नाही.
लोण्यासारखं उघडतं,
सगळ्यांना आवडलं म्हणे.

शुक्रवारी तलावपाळीवरून चालत गेले.
दिवे लागायला आले होते.
दाराला खांदा लावला, हललं नाही.
आतून कोणीतरी म्हणालं,
जोरात गं. सुजलंय ते.